बडग्यापासून गजऱ्यापर्यंत : नागपुरातील काही दिवस

श्रावण संपत आला असता नागपुराहून आमच्या आत्याबाईंचे पत्र आले. महालातील त्यांचा जुना वाडा पाडून तेथे सदनिका बांधण्याचे घरच्या सर्व मंडळींच्या संमतीने ठरले असून यंदाचा गणपती हा वाड्यातील अखेरचा, तेव्हा पोळ्यापर्यंत येऊन पोहोचावे, असा त्यातील मजकूर होता. खाली दोन ओळी अधिक होत्या : ‘कार्यक्रमाच्या वह्या माळ्यावर आहेत. त्यांचे काय करावयाचे ते तुम्ही येऊन सांगावे.’ वयाच्या ८७ व्या वर्षीही आत्याबाईंचे अक्षर मोत्यासारखे आहे, हे ते पत्र वाचताना आमच्या मनात आले. परंतु त्या अक्षराचा आणि त्या वह्यांचा काही संबंध असेल, हे मात्र आले नाही.

हा कार्यक्रम म्हणजे काय ते वाचकांस सांगितले पाहिजे. वाड्यात एके काळी १४ बिऱ्हाडे होती. गणपतीच्या पाचव्या दिवशी रात्री चौकात तखते जोडून रंगमंच होई, दोन चादरींचा पडदा लागे, आणि वाड्यातीलच थोरपोर मिळून गाणी, नकला, लहान लहान प्रवेश व एखादे समूहनृत्य करीत. मधल्या वेळात आमचे आतोबा पडद्यापुढे उभे राहून अशी काही टिपणी करीत की हसून हसून लोकांची पुरेवाट होई. कार्यक्रमपत्रिकेवर ‘लेखक व सूत्रधार’ म्हणून त्यांचेच नाव असे. आमच्या घरात या सगळ्यास ‘आतोबांचा कार्यक्रम’ असेच म्हणत आले. आतोबा जाऊन आता बरीच वर्षे लोटली. त्यांच्या स्मृतीचे काही तरी जतन करावे, या हेतूने आम्ही निघालो.

मुंबईहून सायंकाळी सुटणारी विदर्भ एक्सप्रेस ८०० हून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून सकाळी नागपुरास पोहोचते. बडनेऱ्याच्या पुढे उजाडू लागते, आणि खिडकीतून काळ्या जमिनीवरील कपाशीची व तुरीची हिरवीगार शेते दिसू लागतात. स्थानकावर उतरल्यावर सीताबर्डीचा किल्ला, उंच इमारती आणि डोक्यावरून धावणारी मेट्रो यांच्यामधून मार्ग काढीत आपण गांधीगेटातून महालात शिरलो, की रस्ते अकस्मात अरुंद होतात व शहराचे वय जाणवू लागते. भोसल्यांच्या राजवटीत वसलेला हा भाग. तिसरे रघूजी १८५३ साली निपुत्रिक वारले व इंग्रजांनी राज्य खालसा केले. परंतु महालाच्या गल्ल्यांनी आपली राजधानीची ऐट अद्याप पुरती सोडलेली नाही. वाड्याच्या दिंडी दरवाजात आत्याबाई काठी टेकून उभ्या होत्या. “येऊन राहिले, येऊन राहिले म्हणता एकदाचे आले बाप्पा!” एवढे म्हणून त्यांनी आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

पोळ्याची पुरणपोळी झाली, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, आत्याबाईंनी आम्हांस मुद्दाम मारबत पाहावयास धाडले. हा उत्सव नागपूरचा खास आहे. बांबू, कागद व कापड यांच्या दोन प्रचंड स्त्रीप्रतिमा, एक काळी व एक पिवळी, वाजतगाजत शहरातून काढतात. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची व पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांस मिळालेली भोसले घराण्यातील बाकाबाई, अशीही एक समजूत आहे. रोगराई, ढेकूण-डास आणि वर्षाची सगळी इडापिडा बरोबर घेऊन जा, अशी विनवणी करीत लोक तिच्यामागून जातात व शेवटी तिचे दहन होते. परंतु आमचे लक्ष अधिक वेधून घेतले ते बडग्यांनी. बडगे म्हणजे पुरुषप्रतिमा. यांना ठराविक रूप नसते. त्या त्या वर्षी ज्याने लोकांस छळले असेल, मग ती महागाई असो, लाचखोरी असो, परका शत्रू असो अगर रस्त्यातले खड्डे असोत, त्याचा बडग्या होतो. त्याच्या गळ्यात खोचक मजकुराची पाटी अडकवितात आणि त्याची धिंड काढतात. आमच्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा प्रत्येक पाटी मोठ्याने वाची व स्वतःच आधी हसे.

घरी येऊन आम्ही आत्याबाईंस विचारले, “तुम्ही आम्हांस मारबतीस का पाठविले?”

त्या म्हणाल्या, “कार्यक्रम तिथूनच सुरू झाला म्हणून.”

लग्न होऊन त्या वाड्यात आल्या ते १९५८ साल. त्या वर्षी प्रथमच त्यांनी बडगे पाहिले, आणि मनात म्हणाल्या की शहराचा बडग्या निघतो, तर वाड्याचा का निघू नये? पुढच्याच वर्षी, १९५९ साली, गणपतीत पहिला कार्यक्रम झाला.

येथे किंचित थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. पाश्चात्य रंगभूमीवर ‘रेव्ह्यू’ नावाचा एक प्रकार आहे. त्या फ्रेंच शब्दाचा अर्थच सिंहावलोकन. गेल्या शतकाच्याही आधी पॅरिसमध्ये वर्षअखेरीस असे खेळ होत, की ज्यात सरत्या वर्षातील घटना, फॅशनी व पुढारी यांची गाण्यांतून व छोट्या प्रवेशांतून थट्टा केली जाई. त्यास सलग कथानक नसे. सूत्रधार एक, प्रवेश अनेक. पुढे हा प्रकार लंडनला व न्यूयॉर्कला गेला. न्यूयॉर्कात झिगफेल्डने १९०७ पासून त्यास मोठे झगमगीत रूप दिले. परंतु मुळात तो वर्षाचा हिशेब होता. मारबतीच्या मिरवणुकीत उभे असता आम्हांस वाटले, की नागपूरकरांस हा हिशेब मांडण्याची कला कोणी परदेशातून आणून द्यावी लागली नाही.

त्या रात्री माळ्यावरून लोखंडी पेटी खाली उतरविली. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. आत २५ वह्या होत्या; १९५९ ते १९८५ पर्यंतच्या, मधली दोन वर्षे सुतकामुळे वगळून. आम्ही पहिली वही उघडली, दुसरी उघडली, दहावी उघडली. सर्व वह्यांत एकच अक्षर, तेच मोत्यासारखे. जागोजाग खाडाखोड, समासात नवे वाक्य, त्याखाली ‘हे यांना नीट म्हणता येत नाही, बदलावे’ अशी टीप. ‘यांना’ म्हणजे आतोबांना. नक्कल करणाऱ्याची वही अशी नसते, लिहिणाऱ्याची असते. आम्ही वर पाहिले. आत्याबाई शेंगा सोलीत होत्या.

“हे सगळे तुम्ही लिहिले?” आम्ही विचारले.

“मग काय ते लिहिणार होते? त्यांना पोस्टकार्ड लिहायचे तर मला विचारत. पण उभे राहिले की लोक हसत. ते मला जमले नसते.”

“आणि पत्रिकेवर नाव?”

“सून गावाची टवाळी लिहिते असे त्या काळी छापायचे का?” एवढे बोलून त्या पुन्हा शेंगांकडे वळल्या.

ही गोष्ट त्यांनी तक्रार म्हणून सांगितली नाही. परंतु ६० वर्षांहून अधिक काळ ज्या कार्यक्रमाची आपण घरात आठवण काढीत आलो, त्याच्या कर्त्या व्यक्तीस आपण कधी विचारलेही नाही, याची आम्हांस मनस्वी लाज वाटली.

पुढचे दोन दिवस वह्या वाचण्यात गेले. एका प्रवेशात वाड्यातला एकुलता नळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे व चौदा बिऱ्हाडांच्या चौदा बाया त्याच्याविरुद्ध साक्ष देत आहेत. नळाचे म्हणणे एवढेच, की ‘मला पहाटे येऊ देता कोण?’ दुसऱ्यात वरपक्षाची यादी वाचताना ती गुंडाळी चौकभर उलगडत जाते. तिसऱ्यात सोवळ्याने स्वयंपाक करणाऱ्या एका सासूबाईंस माशीने शिवले, तर आता माशीस स्नान कसे घालावे, याचा शास्त्रार्थ आहे. ही सासू म्हणजे आत्याबाईंच्याच सासूबाई! आम्ही चकित होऊन विचारले, तेव्हा त्यांनी आपला नियम सांगितला. ज्याच्यावर प्रवेश लिहावयाचा त्यास तो आधी वाचून दाखवावयाचा. त्यास हसू आले तर करावयाचा, नाही तर वही मिटावयाची. सासूबाईंस वाचून दाखविण्यास त्यांनी चार दिवस धीर गोळा केला. सासूबाईंनी निमूटपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “माशीला गोमूत्र शिंपडलेस तर पुरे होईल, तेवढे घाल.” तेवढे घातले, आणि त्या रात्री पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत अधिक त्याच हसल्या.

ही वही वाचीत असता आम्हांस पदोपदी एका दूरच्या इतिहासाची आठवण होत होती. दूरचित्रवाणी जन्मास आली तेव्हा तिला काय दाखवावे हा प्रश्नच होता, आणि तिने पहिला हात रंगभूमीवरील विविधरंगी कार्यक्रमांकडे पसरला. लंडनमध्ये २ नोव्हेंबर १९३६ रोजी अलेक्झांड्रा पॅलेस येथून बीबीसीचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले, त्या पहिल्याच दिवशी ॲडेल डिक्सन ही गायिका व बक आणि बबल्स ही नर्तक-जोडी असा रंगमंचावरचा मेळ होता. अमेरिकेत जून १९४८ मध्ये मिल्टन बर्लचा ‘टेक्साको स्टार थिएटर’ आणि एड सलिव्हनचा ‘टोस्ट ऑफ द टाउन’ हे दोन कार्यक्रम एकाच महिन्यात सुरू झाले. दोहोंची ठेवण फिरत्या नाटकमंडळ्यांच्या विविध खेळांसारखीच होती.

परंतु आमच्या विषयास अधिक जवळचा आहे तो मॅक्स लीबमन. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात टॅमिमेंट नावाचे एक उन्हाळी विश्रामस्थान होते. तेथे सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांसाठी लीबमन दर आठवड्यास नवा रेव्ह्यू उभा करी. हीच सवय त्याने १९४९ साली ‘ॲडमिरल ब्रॉडवे रेव्ह्यू’ या नावाने दूरचित्रवाणीवर आणली. या कार्यक्रमामुळे पुरस्कर्त्या कंपनीच्या दूरचित्रवाणी संचांना एवढी मागणी आली, की पैसा जाहिरातीत घालण्याऐवजी कारखान्यात घालावा म्हणून तिने कार्यक्रमच बंद केला, असे सांगतात. पुढे २५ फेब्रुवारी १९५० पासून ‘युअर शो ऑफ शोज’ सुरू झाला. शनिवारी रात्री दीड तास, सिड सीझर व इमोजीन कोका यांच्यासारखे नट, आणि सर्व काही प्रत्यक्ष चालू असतानाच प्रक्षेपित. चुकले तर चुकले. पुन्हा करण्याची सोय नाही.

रंगभूमीवरून तेथे जाताना काय काय बदलले? नाट्यगृहात नटास शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे लागते, म्हणून हातवारे मोठे. कॅमेरा मात्र चेहऱ्याजवळ येतो, म्हणून भिवई उंचावली तरी पुरते. नाट्यगृहात मागे नेपथ्य बदलीत असता पडद्यापुढे एखादा छोटा प्रवेश करतात. कलागृहात दोन नेपथ्ये शेजारी शेजारी असतात व कॅमेरा एकावरून दुसऱ्यावर जातो. परंतु सर्वांत मोठा फरक निराळाच होता. नाटकमंडळीतील नट आपली एक नक्कल घेऊन वर्षानुवर्षे गावोगाव फिरे. गाव नवे, म्हणून नक्कल ताजी. दूरचित्रवाणीवर ती एका रात्रीत सर्व देशाने पाहिली, की दुसऱ्या दिवशी शिळी. म्हणून दर आठवड्यास नवे लिहिणारी लेखकमंडळी ठेवावी लागली. आमच्या मनात आले, की आत्याबाईंची अडचण हीच नव्हती काय? प्रेक्षक दरवर्षी तेच. मागच्या वर्षीची थट्टा यंदा चालावयाची नाही. फरक एवढाच, की त्या एकट्या होत्या, आणि चार मुलांचे करून, रात्री निजानीज झाल्यावर लिहीत.

महाराष्ट्रात या प्रकारास घरोघर पोहोचविले ते पु. ल. देशपांडे यांनी. ‘वाऱ्यावरची वरात’ हा त्यांचा १९६० नंतरच्या दशकातील रंगमंचीय खेळ म्हणजे आपल्या भाषेतील अस्सल रेव्ह्यूच होय. कथानक नाही, गाणी, प्रवेश, न्यायालयातील साक्षीदार, आणि सर्वांस गुंफणारे स्वतः पु. ल. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी भारतातील दूरचित्रवाणीचा आरंभ झाला, त्या अगदी सुरुवातीच्या काळात ते तेथे कामास होते, आणि ही वरात पुढे दूरदर्शनसाठी चित्रितही झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथे विनायक चासकर यांच्या निर्मितीतून ‘गजरा’ हा कार्यक्रम निघाला. नावाप्रमाणेच लहान लहान विनोदी प्रवेश एका दोऱ्यात ओवलेले. रंगभूमीवर घडलेले कितीतरी नट त्यातून घरोघर ओळखीचे झाले, आणि त्यांत किशोर प्रधान व शोभा प्रधान हे जोडपे फार लोकप्रिय होते. किशोर प्रधान मूळचे नागपूरचे. इंग्रजी-हिंदी मिश्र भाषेतील भरत दाभोळकरांच्या ‘बॉटम्स अप’ या रेव्ह्यूतही त्यांनी पुढे काम केले. २००७ सालच्या ‘जब वी मेट’ या चित्रपटातील स्टेशनमास्तर म्हणून नव्या पिढीसही ते ठाऊक आहेत. २०१९ साली ते निवर्तले.

१९७८ च्या दिवाळीत आतोबा व आत्याबाई आमच्याकडे दादरला आले होते, तेव्हा त्यांनी आमच्या घरी ‘गजरा’ पाहिला. आतोबा खुर्चीवरून पडावयाचे बाकी राहिले. आत्याबाई मात्र गंभीरपणे पाहत होत्या, असे आमच्या मातोश्री सांगत. त्याचे कारण १९७९ च्या वहीत सापडले. त्या वर्षी त्यांनी सुताराकडून एक मोठी लाकडी चौकट करून घेतली, तीस बटणे लावली, आणि सर्व कार्यक्रम त्या चौकटीत बसविला. नागपुरात तोवर दूरचित्रवाणी यावयाची होती. परंतु महालातल्या त्या वाड्यात ती अशी येऊन दाखल झाली. एक मुलगी चौकटीत बसून बातम्या देते : कोणी कोणाचा पाटा-वरवंटा नेऊन परत केलेला नाही, कोणाकडे पाहुणे उतरून तिसरा आठवडा लागला. मध्येच एक पोरगा ‘व्यत्यय’ अशी पाटी घेऊन उभा राहतो व पाटीमागे बातम्या देणारी मुलगी चहा पिऊन घेते. रंगभूमीवरून दूरचित्रवाणीवर गेलेले आम्ही पुष्कळ वाचले होते. दूरचित्रवाणी रंगभूमीवर आणलेली प्रथमच पाहिली.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही शहरात फेरफटका केला. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाचे स्थान आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या धनवटे रंगमंदिरात नागपूरच्या कित्येक पिढ्यांनी नाटके पाहिली. त्या वास्तूचे जुने रूप आता उरलेले नाही. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, ज्यांस सारे ‘मास्तर’ म्हणत, त्यांनी येथे रंजन कला मंदिर स्थापून मुलांकडून व मोठ्यांकडून नाटके करवून घेतली. त्यांचेच ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली मुंबईत गाजले, आणि त्यात खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडेही बालपणापासून नागपुरात वाढलेले. सिव्हिल लाइन्समधील सभागृहास आज त्यांचे नाव आहे. लेखक नागपूरचा, गायक नागपूरचा, आणि कीर्ती मुंबईची! दूरचित्रवाणीचेही तेच झाले. कलागृह वरळीस, तेथे सायंकाळी तालमीस पोहोचू शकेल तोच नट पडद्यावर दिसणार. ज्यांस घरदार सोडून ८०० किलोमीटर जाता आले ते गेले. बाकीच्यांचा विनोद येथेच राहिला.

सेमिनरी हिल्सच्या झाडीत दूरदर्शनचे नागपूर केंद्र पुढे झाले. आम्ही ते बाहेरूनच पाहिले. तेथून उतरताना आमच्या आतेभावाने खडी गंमतीचा विषय काढला. नागपूर, भंडारा, गोंदिया या भागातील हा लोकनाट्याचा प्रकार. सर्व जण उभ्यानेच खेळ करतात म्हणून ‘खडी’. ढोलकी, तुणतुणे, शाहीर, स्त्रीवेषातील नाच्या, आणि रात्रभर चालणारे सवालजवाब व गावातील घडामोडींवरील टोमणे. तिकडे पूर्वेस झाडीपट्टीत दंडार आहे, आणि दिवाळीनंतर रात्र रात्र चालणारी नाटके आहेत. त्या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून नागपुरात आहे व अशा कलांस व्यासपीठ देते. तथापि गावच्या पाटलावर रचलेला टोमणा नागपूरच्या व्यासपीठावर म्हटला, तर त्यात पाटील उरतो, टोमणा उरत नाही. आज वाहिन्यांवर वऱ्हाडी बोलीचा विनोद मोठ्या कौतुकाने चालतो, २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ सारख्या कार्यक्रमाने तो सर्व महाराष्ट्रास हसविला, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु तेथे बोली पोहोचते. ज्याच्याविषयी बोलावयाचे तो मनुष्य समोर बसलेला नसतो.

आत्याबाईंचा कार्यक्रम कसा थांबला, हे विचारण्याचे आम्ही लांबणीवर टाकीत होतो. हरितालिकेच्या रात्री त्यांनीच ते सांगितले. १९८४ साली वाड्यात पहिला संच आला, तोही त्यांच्याच ओसरीवर. ‘हमलोग’ पाहावयास सारी बिऱ्हाडे जमत. पुढच्या वर्षी गणपतीत पाचव्या दिवशी कार्यक्रम चालू असता मागच्या रांगांतून एकेक मनुष्य उठून आत जाऊ लागले. कोणी वाईट हेतूने गेले नाही. पोरे गेली, त्यांच्यामागे आया गेल्या. नळाच्या प्रवेशाच्या वेळी चौकात ११ माणसे होती.

“वाईट वाटले असेल,” आम्ही म्हणालो.

“वाईट कशाचे? मीही मनात म्हणत होते, आपले लवकर आटपले तर आत जाऊन बसता येईल.” मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “पण त्या पेटीत वाड्याचे कोणी काही बोलत नव्हते. त्यानंतर या वाड्यात कोण कोणावर रागावले आहे, ते कोणाला कधी हसून सांगता आले नाही. ते राग तसेच राहून गेले.”

वाडा पाडण्यापूर्वीच्या वाटणीत दोन चुलतभावांत किती वर्षे अबोला होता, हे आम्हांस ठाऊक होते. त्यावर आम्ही काही बोललो नाही.

वह्यांचे काय करावयाचे? एका संस्थेत आम्ही चौकशी केली. अप्रसिद्ध घरगुती लेखन ठेवून घेण्याची सोय नाही, असे सौजन्यपूर्ण उत्तर मिळाले. त्यांसही दोष देववत नाही. खुद्द बीबीसीने काय केले ते पाहा. ‘बियाँड द फ्रिंज’ हा रेव्ह्यू १९६० साली एडिंबरोस गाजला. त्यातील पीटर कुक व डडली मूर यांनी १९६५ पासून दूरचित्रवाणीवर जो कार्यक्रम केला, त्याच्या अनेक फिती फीत महाग म्हणून पुसून पुन्हा वापरण्यात आल्या. जेथे एवढ्या मोठ्या संस्थेस आपले हसू जपून ठेवावेसे वाटले नाही, तेथे महालातल्या एका माळ्याची काय कथा? हसणे ही वस्तू मुळातच शिल्लक टाकण्याची नव्हे, असे आपण सारेच धरून चालतो.

शेवटी हा प्रश्न आतेभावाच्या नातीने सोडविला. ती महाविद्यालयात शिकते. तिने दोन दिवस ओसरीवर बसून आपल्या मोबाइलवर २५ वह्यांच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेतले. पान उलटता उलटता ती मोठ्याने हसे, आणि आत्याबाई स्वयंपाकघरातून विचारीत, “कोणते ग? नळाचे का?”

चतुर्थीस गणपती बसला. मंडळी पांगणार होती, म्हणून पाचव्या दिवसाची वाट न पाहता त्याच रात्री चौकात तखते जोडली. पुण्या-मुंबईहून व एक जण परदेशातून, अशी वाड्याची ४० एक माणसे जमली होती. दुपारच्या वडाभाताने सारेच सुस्तावले होते. परंतु प्रवेश वाचून दाखविताच उत्साह आला. नळ झाला परदेशातून आलेला नातू. त्याचे मराठी उच्चार ऐकूनच अर्धे लोक हसले. साक्षीदार म्हणून ज्या दोन चुलतभावांच्या आया मूळ प्रवेशात होत्या, त्यांच्या जागी आत्याबाईंनी त्या दोघा भावांसच उभे केले. दोघेही सत्तरीच्या पुढचे. वाचनाच्या वेळी त्यांनी नियमाप्रमाणे दोघांस आधी वाचून दाखविले होते. एक हसला. दुसरा हसला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. प्रवेशात ते एकमेकांकडे न पाहता नळाकडे पाहून बोलले. तेवढेच झाले, आणि तेवढे पुष्कळ झाले, असे आत्याबाईंचे मत पडले.

त्या स्वतः प्रेक्षकांत बसण्यास तयार नव्हत्या. पडद्यामागे पाटावर बसून, वही मांडीवर घेऊन, त्या प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या. कार्यक्रमाच्या आरंभी सूत्रधाराने लेखिका म्हणून त्यांचे नाव उच्चारले तेव्हा टाळ्या झाल्या. त्या पुरत्या विरण्यापूर्वीच पडद्यामागून आवाज आला, “पुरे, आता सुरू करा. पाणी जाईल!” हे वाक्य प्रवेशातले की त्यांचे, हे कोणास कळले नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना आम्ही २५ वह्यांच्या पहिल्या पानांवर त्यांचे नाव घातले व खाली त्या त्या वर्षाचा आकडा लिहिला. त्यांनी विरोध केला नाही. मात्र आपल्या नावाखाली आपल्याच हाताने आतोबांचे नाव लिहिले, आणि पुढे ‘सूत्रधार’ असा शब्द घातला. हिशेब बरोबर झाला.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी पेटी असेल. मंगळागौरीच्या गाण्यांची वही, मेळ्यातील पदे, शाळेच्या संमेलनासाठी कोणा मावशीने लिहिलेले प्रहसन. तीत मोठी कला असेलच असे नाही. परंतु त्या वर्षी त्या घरात लोक कशास हसत होते, हे दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात मिळावयाचे नाही. घर पाडण्याची वेळ येईपर्यंत थांबू नये. पेटी आजच खाली काढावी, अक्षर कोणाचे आहे ते पाहावे, आणि ती व्यक्ती हयात असेल तर तिला विचारावे. निदान आम्ही केला तेवढा उशीर आपण करू नये.